हेडली व्हेरिटीची अखेरची षटके

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले. त्याच दिवशी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, होव्ह येथे, यॉर्कशायर आणि ससेक्स यांचा क्रिकेटचा सामना संपत होता. पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर हेडली व्हेरिटी याने सहा षटकांत नऊ धावा देऊन सात गडी बाद केले, आणि ससेक्सचा डाव ३३ धावांत आटोपला. व्हेरिटी त्यानंतर यॉर्कशायरतर्फे पुन्हा असा सामना खेळला नाही.

लीड्स येथे १९०५ साली जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. त्याचा चेंडू इतर फिरकी गोलंदाजांपेक्षा वेगाने येई आणि टप्प्यावरून उसळे. त्या काळी पावसात खेळपट्टी उघडीच राही. भिजलेल्या मातीवर ऊन पडले म्हणजे वरचा थर वाळू लागतो, आत ओल राहते. चेंडू तेथे क्षणभर रुततो आणि मग एकाएकी वळतो. अशा वेळी गडी आपोआप बाद होतात, असे बघणाऱ्यास वाटते. खरे पाहता तेथे गोलंदाजच अधीर होतो आणि टप्पा हरवून बसतो. व्हेरिटीचा टप्पा हरवत नसे. १९३२ साली हेडिंग्ले येथे त्याने नॉटिंगहॅमशायरचे दहाही गडी अवघ्या दहा धावांत बाद केले. तो विक्रम आजही अबाधित आहे. १९३४ साली लॉर्ड्सवर त्याने एका दिवसात ऑस्ट्रेलियाचे १४ गडी बाद केले. खुद्द ब्रॅडमनला त्याने कसोटी सामन्यांत आठ वेळा बाद केले.

जार्डिनच्या संघाबरोबर १९३३-३४ मध्ये तो आपल्याकडेही आला होता. आपले कर्णधार कोण होते, हे इंदूरकरांस सांगावयास नको: सी. के. नायडू! त्या दौऱ्यातील मद्रासच्या कसोटीत व्हेरिटीने ११ बळी मिळविले.

लोक त्याचे आकडे सांगतात. मला मात्र एक लहानशी हकीकत अधिक मोलाची वाटते. युद्ध अटळ दिसू लागले, तेव्हा १९३८ साली त्याने ओळखीच्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून युद्धशास्त्राची पुस्तके मागून घेतली आणि दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यात ती सोबत नेली. फलंदाजाचा अभ्यास करावा, तसा त्याने युद्धाचा अभ्यास मांडला. घरी पत्नी होती, दोन मुलगे होते. तरीही तो ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत दाखल झाला आणि कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढला. १९४२ साली ही पलटण रांचीस होती. तेथे तो आमांशाने आजारी पडला, पण माघारी गेला नाही.

जुलै १९४३ मध्ये सिसिली बेटावर, कॅटानियाच्या मैदानात, त्याची तुकडी रात्री पेटलेल्या पिकांतून पुढे सरकत असता त्याच्या छातीस जखम झाली. सोबत्यांना पुढे जाण्याचा हुकूम देऊन तो तेथेच पडून राहिला व शत्रूच्या हाती लागला. इटलीतील कॅसर्टा येथील रुग्णालयात, शस्त्रक्रियेनंतर, ३१ जुलै रोजी त्याचा अंत झाला. वय ३८. कॅसर्टासच त्याचे दफन झाले.

घरी तोवर, तो जखमी आणि बेपत्ता आहे, एवढेच कळले होते. मृत्यूची वार्ता आली ती १ सप्टेंबर १९४३ रोजी. होव्हच्या त्या सामन्यास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.