महिन्याचा किराणा : हिशोब आधी किलोचा, मग रुपयांचा

पगार झाला की वाण्याची यादी निघते, पिशव्या भरून सामान घरात येते आणि महिना सुरळीत पार पडेल असे वाटू लागते. पण पंचविशी उलटण्याच्या आत तेलाचा डबा खडखडतो, डाळ संपते आणि मुलाला वही घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवावे लागते. "महागाईच अशी आहे, बजेट करून काय उपयोग?" असा प्रश्न मग घरोघर विचारला जातो. महागाई आहे हे कोणीच नाकारणार नाही. परंतु आमच्या मते बजेट मोडण्याचे मोठे कारण वेगळे आहे. आपण बजेट रुपयांचे करतो आणि घर मात्र किलोवर चालते. "यंदा किराण्याला आठ हजार" असे ठरवले जाते. पण त्या आठ हजारांत किती किलो डाळ आणि किती लिटर तेल बसते आणि घराला लागते किती, हे पाहिलेच जात नाही.

प्रश्न किती मोठा?

केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च पाहणीनुसार देशातील ग्रामीण कुटुंबे आपल्या खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबे सुमारे ४० टक्के रक्कम खाण्यापिण्यावर खर्च करतात. उत्पन्न जितके कमी, तितका अन्नावरील खर्चाचा वाटा अधिक, हा नियम एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली मांडला होता व तो आजही लागू पडतो. म्हणजे लहान उत्पन्नाच्या घराचे सारे आर्थिक आरोग्य स्वयंपाकघरातच ठरते. शाळेची फी, औषधपाणी, घरभाडे यांना हात लावता येत नाही. तुटीचा भार शेवटी ताटावर पडतो आणि तिथेही पहिली कात्री लागते ती दूध, डाळ आणि अंड्यांना. बिस्किटे, फरसाण आणि थंड पेयांच्या बाटल्या मात्र सुटतात, कारण त्या पाच-दहा रुपयांच्या असतात.

उधारीचे गणित

समजा, एका घराने किराण्याला ८,००० रुपये ठरवले, पण खरी गरज ९,५०० रुपयांची आहे. पहिल्या महिन्यात पैसे २५ तारखेला संपतात आणि १,५०० रुपये वहीत चढतात. दुसऱ्या महिन्यात उधारी फेडून हाती ६,५०० उरतात, ते २० तारखेलाच संपतात आणि वही ३,००० वर जाते. तिसऱ्या महिन्यात पैसे १५ तारखेला संपतात आणि उधारी होते ४,५००. घराने एकही चैन केलेली नसते. दर महिन्याची तूट तीच दीड हजाराची असते, तरी वही वाढतच जाते. शिवाय वही असलेला गिऱ्हाईक भाव विचारत नाही, दुसऱ्या दुकानात जात नाही आणि वजनाबद्दल बोलायला संकोचतो. उधारीचे व्याज असे न लिहिताच वसूल होते.

यावर उपाय म्हणजे जुनी वही आणि नवी खरेदी यांची फारकत. जुन्या रकमेचे दुकानदाराशी बोलून पाच-सहा हप्ते पाडून घ्यावेत आणि नवी खरेदी फक्त रोखीने करावी. वहीची एक प्रत आपल्या घरीही असावी.

मापे कशी काढावीत?

एक महिना काहीही बदल न करता फक्त नोंद ठेवावी. पिशवी किंवा डबा उघडला की त्यावर तारीख लिहावी, संपला की पुन्हा तारीख लिहावी. दोन महिन्यांत आपल्या घराची खरी मापे हाती येतात.

ताडून पाहण्यासाठी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनाचा आधार घेता येईल. दोन हजार कॅलरींच्या आहारात एका माणसाला रोज सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (मांस-अंडी यात धरून) आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण त्यात दिले आहे. पतिपत्नी, दोन मुले आणि दादी अशा पाच माणसांच्या घराला त्या हिशोबाने महिन्याला साडेसदतीस किलो धान्य, पावणेतेरा किलो डाळ-मांस-अंडी मिळून आणि सुमारे चार किलो तेल-तूप लागेल. एक लिटर तेल भरते साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे हे झाले साडेचार लिटर. लहान मुलांना व वृद्धांना कमी लागते, कष्टाचे काम करणाऱ्याला जास्त. पण पाच माणसांच्या घरात महिन्याला आठ लिटर तेल संपत असेल, तर बजेटची गळती कुठे आहे हे वेगळे सांगायला नको.

प्राधान्य कुटुंबाचे रेशनकार्ड असल्यास माणशी ५ किलो, म्हणजे या घराला २५ किलो धान्य मिळते आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते मोफत आहे. मग बाजारातून साडेबारा किलोच घ्यायचे राहते. कार्डावर घरातील सर्वांची नावे आहेत का, हे पाहणे म्हणूनच बजेटचे पहिले काम आहे.

पुडी आणि पाकीट

वस्तूंची पाकिटे ठरावीक वजनातच असावीत हे बंधन २०२१ च्या दुरुस्तीने उठले. तेव्हापासून तेलाची पिशवी लिटरचीच असेल असे नाही. ती ८५० किंवा ७५० ग्रॅमचीही असू शकते. त्याच दुरुस्तीने पाकिटावर एकक किंमत छापण्याचा नियम आला. किलोच्या आतील पाकिटावर ती ग्रॅममागे आणि किलोवरील पाकिटावर किलोमागे असते. ग्रॅमची किंमत हजाराने गुणली की दोन्हींची तुलना होते.

समजा, दहा रुपयांच्या पुडीत २० ग्रॅम चहा आहे, तर तो किलोला ५०० रुपये पडला. पाव किलोचे पाकीट ११० रुपयांना असेल तर तोच चहा ४४० रुपये पडतो. रोज पुडी आणणारे घर स्वस्त समजून महाग माल घेत असते. धान्य-डाळींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २५ किलोपर्यंतच्या बांधीव, छापील पाकिटांवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सुटा माल समोर तोलून घेतल्यास तो नाही. अर्थात माल निवडून व काट्याकडे लक्ष ठेवून घ्यावा.

पाच पाकिटे

कोरडा किराणा एकदाच भरावा. भाजी, मटण, मासे, अंडी यांचे पैसे वेगळे काढून त्यांची चार नव्हे, पाच पाकिटे करावीत. तीस दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस. चारच पाकिटे केली की ते दोन-तीन दिवस नेहमी उधारीवर जातात. चार पाकिटे सात-सात दिवसांची आणि पाचवे लहान, अशी वाटणी करावी. मोबाईलवरून पैसे देण्याची सवय असल्यास या खर्चाचे खाते निराळे ठेवावे. दहा-वीस रुपयांचे व्यवहार एकाच खात्यातून गेले की कुठे गेले हे कळत नाही.

भाव चढला तर

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढवले आणि कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर गेले. मे २०२५ मध्ये ते पुन्हा १० टक्के झाले. असे निर्णय आपल्याला विचारून होत नाहीत. म्हणून किराण्याच्या रकमेतील पाच टक्के राखीव ठेवावेत. आणि भाव चढला की प्रमाण घटवण्याआधी वस्तू बदलून पाहावी. तूर महागली तर त्यात मसूर किंवा मूग मिसळावा. मुलांच्या वाट्याची डाळ कमी करू नये.

सणाचा महिना

रमजानचा खर्च दरवर्षी येतो, तरी तो दरवर्षी अचानक आल्यासारखा वाटतो. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०३० साली तर तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा दोनदा सुरू होईल. ईदपासून पुढच्या रमजानपर्यंत सुमारे ३२४ दिवस मिळतात, म्हणजे महिन्याचे दहा पगार नक्की. वाढीव खर्च ३,००० रुपये धरला तर बारा नव्हे, दहा हप्ते करावेत आणि महिन्याला ३०० रुपये बाजूला टाकावेत. तेल, खजूर, बेसन यांची खरेदी मग रोखीने व वेळेवर होते.

वर्षाच्या गहू-डाळीच्या बेगमीलाही हेच लागू आहे. हंगामात माल स्वस्त असतो हे खरे. पण कर्ज काढून बेगमी करू नये. आधी पैसे साठवावेत, मग धान्य भरावे. डाळीला एरंडेल चोळून, धान्य उन्हात चांगले वाळवून ठेवावे. पावसाळ्यात कीड लागली की सारी बचत चाळणीतून जाते.

शेवटी एक गोष्ट. यादी पतिपत्नींनी एकत्र बसून करावी. पैसे आणणाऱ्याला भाव माहीत नसतात आणि चूल सांभाळणारीला पगाराचा आकडा सांगितला जात नाही, अशा घरात कोणतेच बजेट टिकत नाही. पहिला महिना फक्त नोंदीचा, दुसरा मापे ठरवण्याचा. तिसऱ्या महिन्यापासून महिनाअखेरीस वहीऐवजी पाचवे पाकीट हाती असेल.