घराचाही सातबारा हवा

शेतजमिनीचा सातबारा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो. जमीन कोणाची, क्षेत्र किती, पीक कोणते, बोजा आहे का, सारे त्यात नोंदलेले. पण आपण ज्या घरात राहतो, त्याच्या भिंतीत काय दडले आहे याची नोंद कुठे असते? इथल्या जुन्या घरांच्या बाबतीत बहुधा कुठेच नसते!

आम्ही इंजिनियर मंडळी ज्याला 'बिम', म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणतो, तो असाच सातबारा. हा नुसता त्रिमिती नकाशा नव्हे. त्यातली प्रत्येक भिंत, खिडकी, पाइप कशाची आहे, किती जाड आहे, कधी बसवली, हेही त्यात असते. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या बांधकामांना एप्रिल २०१६ पासून तो सक्तीचा झाला.

जुन्या इमारतीची मात्र आधी लेझरने मोजणी करावी लागते. लेझरला वरवरचे तेवढेच दिसते, म्हणून अधूनमधून भिंत उघडून पाहणे आलेच. मग इन्सुलेशनने उष्णता किती वाचेल, हीट पंप केवढा लागेल, हे कॉम्प्युटरवर आधीच आजमावता येते. व्हिक्टोरियन घराच्या नऊ इंची भरीव भिंतीतून, चांगले इन्सुलेशन केलेल्या भिंतीच्या पाच-सहा पट उष्णता बाहेर जाते. पण आतून लावलेले इन्सुलेशन चुकले, तर ओल भिंतीत अडकते आणि लाकडी तुळयांची टोके कुजू लागतात. त्यात आपल्या कुकरची वाफ आणि घरातच वाळत घातलेले कपडे!

माहिती नसण्याची किंमत किती मोठी असते, हे लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने दाखवले. १९७४ सालच्या या २४ मजली इमारतीचे नूतनीकरण २०१६ मध्ये पुरे झाले. घरे उबदार व्हावीत हाही त्यात एक हेतू होता. १४ जून २०१७ रोजी तिथे आग लागली आणि ७२ माणसे गेली. बाहेरून लावलेल्या, पॉलिथिलीनचा गाभा असलेल्या पत्र्यांमुळे आग पसरली, असे चौकशीत निघाले. मग देशभरचे फ्लॅटधारक विचारू लागले, आमच्या भिंतीवर नेमके काय आहे? पुष्कळ ठिकाणी सांगणारे कागदच नव्हते.

डेम ज्युडिथ हॅकिट यांनी २०१८ च्या अहवालात माहितीचा अखंड 'सोनेरी धागा' सुचवला. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानंतर इंग्लंडात १८ मीटर उंच किंवा सात मजली व त्यावरच्या निवासी इमारतींना अशी डिजिटल नोंद ठेवावी लागते. बिमच वापरा असे कायदा म्हणत नाही, पण या कामाला ते सोयीचे पडते.

अर्थात फेरफार न नोंदलेला सातबारा काय कामाचा? फ्लॅटवाल्यांनी आपल्या इमारतीची नोंद अद्ययावत आहे का, हे व्यवस्थापकांना जरूर विचारावे. स्वतःच्या घरात काम काढलेत तर प्लास्टर होण्यापूर्वी उघड्या भिंतीचे फोटो काढा, मालाची नावे आणि तारखा एका फायलीत लावून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला आलेला माणूस निदान अंदाजाने भिंत फोडणार नाही.