रायफलची सेफ्टी : कोणती निवडावी?

तूर शेंगांवर आली, ज्वारी पोटरीत आली, की किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात. लातूरकडे मोठे रान नाही. तरी हरणांचे आणि रोह्यांचे कळप उभे पीक तुडवतात. मग रात्रीची राखण सुरू होते, आणि गावात कुणाकडे परवान्याची रायफल असली तर तिची आठवण होते.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शौकाची शिकार बंद आहे. पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे, तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. शस्त्र बाळगायचे, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना लागतो. हे दोन कागद नसतील तर बंदुकीला हात लावू नये. पण कागद असले म्हणजे अपघात टळतो असे नाही. अंधारात, चिखलात, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी भरलेली रायफल हाताळताना चूक झाली, तर गोळी डुकराला न लागता शेजारच्या बांधावरच्या राखणदाराला लागायची. म्हणून रायफलच्या सेफ्टीचा, म्हणजे सुरक्षेच्या खटक्याचा, आज विचार करू.

बोल्टची रायफल आपल्या ओळखीची आहे. पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेली थ्री-नॉट-थ्री ती हीच. ते लष्करी काडतूस सामान्य नागरिकाला मिळत नाही. म्हणून इशापूरच्या सरकारी कारखान्याने त्याच धर्तीची.३१५ बोअरची रायफल नागरिकांसाठी बनवली. दाराच्या कडीसारखा बोल्ट पुढे सारला की काडतूस नळीच्या कोठ्यात बसते. त्याच वेळी बोल्टमधली सुई मागे ताणून राहते. तिच्यामागे कमान दाबलेली असते, आणि एक लहानसा पोलादी दात तिला अडवून धरतो. चाप ओढला की दात सुटतो, सुई काडतुसावर आदळते आणि बार होतो. आता या साखळीत सेफ्टी नेमकी कुठे आडवी येते, यावर तिची खरी पारख होते.

पहिल्या प्रकारात सेफ्टी फक्त चाप अडवते. पुष्कळ दुनळी बंदुकांवर दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली जी सरकपट्टी असते, ती बहुधा या जातीची. वापरायला ती फार सोयीची. डावखुऱ्यालाही अडचण नाही. पण वाड्याच्या दाराला अडसर न घालता, दार उघडणाऱ्या पोराचा नुसता हात धरून ठेवावा, तशातली ही गत! पोर थांबले, तरी दार वाऱ्याने उघडू शकते. दात झिजला असेल, त्यात घाण साचली असेल, किंवा बंदूक दगडावर आपटली, तर चाप न ओढताही सुई सुटण्याचा संभव राहतो.

दुसरा प्रकार सुईलाच अडसर घालतो. थ्री-नॉट-थ्रीच्या डाव्या अंगाला मागे जी छोटी दांडी असते, ती मागे फिरवली की सुई आणि बोल्ट दोन्ही जखडले जातात. बोल्ट जखडल्याने झुडपात अडकून तो उघडत नाही, हा फायदा. परंतु कोठ्यातले काडतूस काढायचे झाले, तर आधी सेफ्टी उघडावी लागते. रात्रभर जागून माणूस पहाटे रायफल रिकामी करतो, नेमके त्याच वेळी रक्षण सुटते.

ही उणीव तिसऱ्या प्रकारात भरून निघते. १८९८ च्या जर्मन मॉझर रायफलीत बोल्टच्या मागे एक पंख आहे. तो डावीकडे असला की बार होतो. उजवीकडे असला की सुई आणि बोल्ट दोन्ही बंद. मध्ये उभा असला, की सुई बंदच राहते, पण बोल्ट उघडतो आणि काडतुसे सुखरूप काढता येतात. उभा पंख दुर्बिणीला अडतो. म्हणून अमेरिकेत १९३६ साली निघालेल्या विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये तो आडवा फिरणारा केला. निवड करणे आपल्या हाती असेल, तर सुई जखडणारी, तीन घरांची सेफ्टी निवडावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक तऱ्हा आहे. जर्मनीतच १९९३ साली निघालेल्या ब्लेझर आर-९३ मध्ये कमान आधी ताणलेलीच नसते. बार करण्याच्या क्षणी ती अंगठ्याने ताणायची. कल्पना उत्तम, पण अशी रायफल महाग, आणि आपल्याकडे क्वचितच दिसणारी.

बहुतेकांच्या घरी मात्र जुनीच रायफल असते. तिची परीक्षा करावी. प्रथम कोठा आणि पेटी रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करा. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरा. बोल्ट बंद करून सेफ्टी लावा. चाप जोराने ओढा आणि सोडा. मग चापाला बोट न लावता सेफ्टी काढा. सुई ‘टक्’ करून सुटली, तर सेफ्टी बिघडली असे समजा. घरी कानस चालवू नका. परवानाधारक कारागिराकडेच जा. दुसरी परीक्षा अंधाराची. डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याने सेफ्टी लागली की उघडी हे कळले पाहिजे.

शिक्षक बंधूंनी एन.सी.सी.च्या मुलांना ही साखळी फळ्यावर काढून दाखवावी. यंत्र समजले की त्याचा धाकही समजतो. मुलांना आणि मोठ्यांना एवढे मात्र पुन्हापुन्हा सांगावे, की कोणतीही सेफ्टी लोखंडाचीच आहे; ती झिजते, गंजते, आणि माणूस ती लावायला विसरतो. म्हणून मचाणावर चढताना, नाला ओलांडताना, बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर बसताना कोठा रिकामा आणि बोल्ट उघडा असावा. रिकामा कोठा हा पहिला अडसर; सेफ्टी हा दुसरा. पहिला घातल्याशिवाय दुसऱ्यावर विसंबू नये.