दूरचे पाहायचे की अंधारातले?
खिशात मावणारे दोन डिजिटल कॅमेरे : घेण्यापूर्वी थोडा हिशेब

घरात लग्न ठरले, बारसे आले किंवा मुले सुट्टीत सहलीला निघाली की ‘या वेळी एक बरा कॅमेरा घेऊनच टाकू’ हा विषय हमखास निघतो. पूर्वी त्यावर फारशी चर्चा होत नसे. शेजाऱ्यांनी जो घेतला तोच आपण घ्यायचा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यात कॅमेराही आहे. मग वेगळा कॅमेरा कशाला, असा प्रश्न घरातली वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो रास्तच आहे.

जगानेही हाच प्रश्न विचारला होता. २०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. २०२३ साली हा आकडा ७७ लाखांच्या आसपास आला. सर्वांत मोठा फटका बसला तो खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांना. कंपन्यांनी एकामागून एक मॉडेल्स बंद केली. गंमत म्हणजे त्यानंतर तरुण मुलामुलींनीच हे कॅमेरे पुन्हा शोधायला सुरुवात केली आणि कपाटात पडून राहिलेल्या जुन्या कॅमेऱ्यांनाही भाव आला. अशा वेळी फॅशन म्हणून पैसे घालवण्यापेक्षा आपल्या घराला नेमके काय हवे, हे पाहून घेतलेले बरे.

त्यासाठी आपण एकाच कंपनीचे दोन कॅमेरे समोर ठेवू. पहिला कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस, जो २०१८ साली आला. दुसरा पॉवरशॉट जी ७ एक्स मार्क ३, जो २०१९ साली आला. कंपनी एकच असल्यामुळे ‘ही चांगली की ती’ हा वाद मिटतो आणि खरा फरक स्पष्ट दिसतो.

सख्खे भाऊ, स्वभाव वेगळे

वरवर पाहिले तर दोघे सख्खे भाऊच. पहिल्याचे वजन २९९ ग्रॅम, दुसऱ्याचे ३०४. दोघेही साधारण २ कोटी पिक्सेलचे, म्हणजे २० मेगापिक्सेलचे. दोघांना एनबी-१३एल ही एकच बॅटरी चालते. दोघांचा ३ इंची पडदा वर उलटून आपल्याकडे वळतो, त्यामुळे स्वतःचा फोटो काढता येतो. दोघांतही वाय-फाय आणि ब्लूटूथ आहे, म्हणजे फोटो लगेच मोबाईलवर घेऊन नातेवाइकांना धाडता येतो.

किमतीत मात्र मोठी तफावत. बाजारात आले तेव्हा अमेरिकेत पहिला सुमारे ४०० डॉलरना होता, तर दुसरा ७५० डॉलरना. दिसायला सारखे, वजनाला सारखे, मग जवळजवळ दुप्पट पैसे कशाचे? उत्तर आतल्या दोन गोष्टींत आहे : भिंग आणि सेन्सर.

पहिल्याचे भिंग ४० पट झूमचे आहे. जुन्या फिल्मच्या भाषेत सांगायचे तर २४ ते ९६० मिलिमीटर. गॅलरीत उभे राहून समोरच्या टेकडीवरच्या देवळाचा कळस जवळ आणता येतो. दुसऱ्याचा झूम फक्त ४.२ पट, म्हणजे २४ ते १०० मिलिमीटर. नुसते झूमचे आकडे पाहिले तर कुणीही पहिलाच उचलेल. आणि दुकानदारही तोच आकडा आधी सांगतो.

आता सेन्सरकडे वळू. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी बसलेली, प्रकाश टिपणारी चकती. पहिल्याचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा आहे, करंगळीच्या नखाहून लहान. दुसऱ्याचा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. याला ‘एक इंची’ म्हणतात, पण प्रत्यक्षात तो इंचभर नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून ते नाव आले आणि तसेच राहिले. दोन्हींच्या क्षेत्रफळाचा गुणाकार करून पाहा : दुसरा पहिल्याच्या चौपटीहून किंचित जास्त मोठा भरतो.

पावसात दोन भांडी ठेवली, एक वाटी आणि एक परात, तर पाणी कशात जास्त जमेल हे सांगायला नको. प्रकाशाचेही तसेच आहे. दोन्ही कॅमेऱ्यांत पिक्सेल जवळजवळ तेवढेच. म्हणजे परातीतल्या प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला जास्त प्रकाश येतो आणि वाटीतल्याला कमी. मेगापिक्सेलचा आकडा सारखा असूनही अंधारातल्या फोटोत फरक पडतो तो यामुळे.

मंगल कार्यालयातला हिशेब

भिंगाचे तोंड किती उघडते, यालाही तितकेच महत्त्व आहे. हे ‘एफ’ या आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे. दुसऱ्याचा आकडा एफ १.८ पासून सुरू होतो आणि पूर्ण झूम केल्यावरही एफ २.८ वर थांबतो. पहिल्याचा एफ ३.३ पासून सुरू होऊन पूर्ण झूमला एफ ६.९ पर्यंत जातो. १.८ आणि ३.३ यांच्या वर्गांची तुलना केली, तर दुसऱ्याचे भिंग सव्वातीनपटीहून जास्त प्रकाश आत सोडते.

समजा, मंगल कार्यालयातल्या उजेडात दुसऱ्या कॅमेऱ्याला सेकंदाच्या साठाव्या भागात, आयएसओ ८०० वर चांगला फोटो मिळतो. (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याने आपली संवेदनशीलता किती वाढवली ते. ती जितकी वाढेल तितके चित्र रवाळ होते.) त्याच जागी, त्याच वेळात, झूम न करता पहिल्याला आयएसओ सुमारे २७०० लागेल. त्याची मर्यादाच ३२०० आहे. म्हणजे गाडी पहिल्याच चढावर शेवटच्या गिअरमध्ये आली. आता मागच्या रांगेत बसून पूर्ण झूम करून नवरीचा चेहरा जवळ आणायला गेलो तर त्याला आयएसओ ११ हजारांच्या वर हवा. तो नाही. मग कॅमेरा शटर जास्त वेळ, साधारण सेकंदाच्या सोळाव्या भागापर्यंत उघडे ठेवतो. तेवढ्या वेळात अक्षतांसाठी उठलेला हात, नवरीने वळवलेली मान, सगळे पुसट होते.

‘पण त्यात हात थरथरला तरी चालतो अशी सोय आहे ना?’ असे कुणी म्हणेल. सोय दोघांतही आहे. पण ती आपला हात थरथरला तर सावरते. समोरचा माणूस हलला तर तिचा काही उपयोग नाही. आपल्याकडचे फोटो आठवून पाहा. बेळगावची गणेश विसर्जनाची मिरवणूक आणि शिवजयंतीचे चित्ररथ रात्री उशिरापर्यंत चालतात. लेझीम आणि ढोल-ताशा, कित्तूर उत्सवातला डोळ्ळु कुणिता, यात कुणी स्थिर उभे असते का? आणि घरात देवासमोर समईच्या उजेडात बसलेली आज्जी? तिला ‘जरा इकडे बघ, हलू नको’ असे किती वेळा सांगणार? फ्लॅश मारला तर समईचा सोनेरी उजेडच नाहीसा होतो, उरतो तो पांढराफटक चेहरा आणि मागे काळोख.

दुरून डोंगर साजरे

याचा अर्थ पहिला कॅमेरा टाकाऊ आहे असा मुळीच नाही. दांडेलीच्या जंगलात पन्नास मीटरवरच्या झाडावर धनेश बसला आहे. १०० मिलिमीटरच्या भिंगात त्या अंतरावर १८ मीटर रुंदीचा देखावा मावतो. पक्षी म्हणजे पानांत एक ठिपका. ९६० मिलिमीटरला तीच रुंदी दोन मीटरहून कमी होते आणि चोचीवरचे शिंगही दिसते. भरदुपारी गोकाकच्या धबधब्यावर, शाळेच्या मैदानावरच्या क्रीडा स्पर्धांत, क्रिकेटच्या सामन्यात पहिलाच सरस ठरेल. तिथे उजेड भरपूर असतो आणि अंतरही भरपूर.

शाळेच्या गॅदरिंगचे काय, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. रंगमंच २० मीटरवर आहे असे धरू. १०० मिलिमीटरला चित्राची उंची सुमारे ४.८ मीटर येते. सव्वा मीटर उंचीचे मूल चित्राच्या चौथ्या भागात मावते. लहान वाटते ना? पण दुसऱ्या कॅमेऱ्याचा पूर्ण फोटो ५४७२ बाय ३६४८ पिक्सेलचा असतो. मुलाभोवतीचा चौथा हिस्सा कापून घेतला तरी १३६८ बाय ९१२ पिक्सेल उरतात. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला ते पुरेसे आहेत. भिंतीवर लावायला मोठी प्रिंट हवी असेल तर मात्र पुरणार नाहीत. उलट पहिल्या कॅमेऱ्यात मूल मोठे दिसेल, पण रंगमंचावरचा उजेड कमी असला आणि नाच जोरात असला तर पुसट येण्याची भीती. यात कुठला तोटा आपल्याला सोसतो, ते ज्याने त्याने ठरवावे.

मोबाईल पुरेसा असेल तर?

हेही मोकळेपणाने सांगायला हवे. चांगल्या मोबाईलचा मुख्य सेन्सर आज पहिल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो. शिवाय मोबाईल एकाच क्षणी अनेक फोटो घेऊन त्यांची बेरीज करतो आणि अंधारातले चित्र सावरतो. म्हणून घरात चांगला मोबाईल असताना केवळ घरगुती, जवळच्या फोटोंसाठी पहिला कॅमेरा घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. तो घ्यायचा तर झूमसाठीच घ्यावा. दुसऱ्याचा फायदा मोबाईलपुढे थोडा कमी झाला आहे, पण संपलेला नाही. खरे भिंग, खरा झूम, चेहऱ्यामागची नैसर्गिक मऊ पार्श्वभूमी आणि रॉ पद्धतीने फोटो साठवण्याची सोय त्यात आहे. त्याच्या पडद्याला बोटाने स्पर्श करून फोकस ठरवता येतो, बाहेरचा माइक जोडता येतो आणि यूएसबी-सीने चार्जही करता येतो. पहिल्यात टच पडदा, रॉ आणि माइक यांपैकी काहीच नाही.

बॅटरीच्या बाबतीत दोघेही काटकसरीचेच. एका चार्जमध्ये पहिला सुमारे २६५ आणि दुसरा सुमारे २३५ फोटो देतो. दिवसभराच्या लग्नाला हे पुरत नाही. एक जादा बॅटरी खर्चात धरूनच चालावे.

दुकानात जाताना

आपले स्वतःचे एसडी कार्ड सोबत न्यावे. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच कार्ड घालून दुकानाच्या आतल्या, कमी उजेडाच्या कोपऱ्यात घरातल्याच माणसाचा फोटो घ्यावा, एक स्थिर आणि एक चालताना. मग रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी पूर्ण झूम करून टिपावी. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळेच फोटो छान दिसतात, म्हणून निर्णय तिथे घेऊ नये. घरी येऊन संगणकावर मोठे करून पाहावे.

जुना कॅमेरा घेत असाल तर झूम पाच-सहा वेळा आत-बाहेर करून पाहा. भिंग अडखळले किंवा खरखर आवाज आला तर नको म्हणा, दुरुस्ती बहुधा परवडत नाही. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यात काळे ठिपके दिसतात का ते बघा, ते सेन्सरवरच्या धुळीचे असतात. भिंगावर तिरका उजेड टाकून कोळिष्टकासारखी बुरशी आहे का ते तपासा. खानापूर, चंदगड, गोव्याकडच्या पावसात कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास धरते. फुगलेली बॅटरी वापरूच नका. नवा घेतलात तर पक्के बिल आणि भारतात चालणारी वॉरंटी मागून घ्या. आणि पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

निवड कशी करावी?

गेल्या वर्षभरात मोबाईलवर काढलेले फोटो एकदा चाळून पाहा. मनाजोगते न आलेले फोटो वेगळे काढा. त्यात दूर राहिलेले जास्त असतील तर पहिला कॅमेरा तुमचा. त्यात पुसट, अंधारे जास्त असतील तर दुसरा. आणि असे फोटो मुळी सापडलेच नाहीत तर पैसे वाचवा आणि आहेत त्या फोटोंच्या प्रिंट करून घ्या.

आपल्या भागातल्या घरांचा विचार करता पारडे दुसऱ्याकडे झुकते असे वाटते. कारण आपले महत्त्वाचे फोटो बहुतेक घरातले, रात्रीचे, माणसांचे असतात. पक्षी पुढच्या वर्षी पुन्हा येतो. नव्वदीतली आज्जी नातवाच्या बारशाला पाळण्याची दोरी धरते, तो क्षण एकदाच येतो.

मराठीत आपण फोटो ‘काढतो’. कन्नडमध्येही फोटो ‘तेगेयतात’, म्हणजे काढतातच. काढलेला फोटो मोबाईल किंवा कार्डातून बाहेरही काढायला हवा. वर्षाला निदान पन्नास फोटोंच्या प्रिंट करून आल्बममध्ये लावाव्यात आणि मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. ज्या घरात मावशीही आहे आणि चिक्कम्माही, तिथे ती नावे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिपींत लिहावीत. एका नातवाला एक लिपी येते, दुसऱ्याला दुसरी. फोटोतली माणसे कोण, हे दोघांनाही वाचता यायला हवे.