पाण्यामागे चालत बाग पाहावी : वेरीनाग, पांझथ, अचबल

काश्मीरच्या बागा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शालिमार आणि निशात येतात. दोन्ही श्रीनगरच्या, दल सरोवराकाठच्या. त्या जरूर पाहा. पण आज आपण जाणार आहोत दक्षिणेला, अनंतनाग जिल्ह्यात. भाताची खाचरं, अक्रोडाची झाडं आणि मध्ये तीन ठिकाणं: वेरीनाग, पांझथ आणि अचबल. यांतल्या दोन बागा बादशाही आहेत, तिसरी जागा गावाची.

फौजेत असताना ह्या भागात माझी नेमणूक होती. निवृत्तीनंतर सौभाग्यवतींना घेऊन पुन्हा गेलो, ह्या वेळी निवांत. आम्हा फौजी माणसांना एक सवय असते. कुठेही मुक्काम टाकायचा तर पहिला प्रश्न: पाणी कुठून येतं आणि कुठे जातं? बाग पाहतानाही हाच प्रश्न विचारा. बाग जास्त कळते.

आधी एक शब्द समजून घेऊ. काश्मिरीत झऱ्याला 'नाग' म्हणतात. झऱ्यात नागदेवतेचा वास असतो ही तिथली जुनी समजूत. अनंतनाग, वेरीनाग, कोकरनाग ही नावं त्यातूनच आली. ह्या भागात चुनखडीचा खडक भरपूर. त्याला भेगा आणि पोकळ्या असतात. वर बर्फ वितळतं, ओढे वाहतात, त्यातलं बरंच पाणी भेगांतून खाली उतरतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोकरनाग भागात ब्रिंगी नदीच्या पात्रातच विवर पडलं, नदी त्यात शिरली आणि पुढचं पात्र कोरडं पडलं. जमिनीखाली पाण्याच्या वाटा कशा असतात, ते त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

आता वेरीनाग. बनिहालचा डोंगर ओलांडून खोऱ्यात उतरलं की पायथ्याशीच आहे. झेलम नदीचा उगम इथे मानतात. जहांगीर बादशहाने १६२० च्या सुमारास ह्या झऱ्याभोवती अष्टकोनी दगडी कुंड बांधून घेतलं. भोवती कमानींची ओवरी आहे. पाणी निळं-हिरवं आणि इतकं संथ की कमानी त्यात उलट्या दिसतात. कुंडातून पाणी बाहेर पडतं ते एका लांब, सरळ दगडी पाटातून. बाग त्या पाटाच्या दोन्ही बाजूंना पुढे शाहजहानच्या काळात आकाराला आली. जहांगीरला ही जागा फार प्रिय होती. १६२७ साली काश्मीरहून लाहोरला परतताना वाटेतच तो वारला.

बहुतेक पर्यटक कुंडापाशी फोटो काढून मागे फिरतात. तुम्ही पाटाच्या कडेने खाली चालत जा. भिंतीबाहेर पडलेलं पाणी पुढे ओढा होऊन वाहतं. बाग म्हणजे त्या पाण्याच्या वाटेवरचा पहिला मुक्काम.

तिथून काझीगुंडच्या बाजूला पांझथ आहे. इथे बुरूज नाहीत, बारादरी नाही. आहे तो गावाचा मोठा झरा. पांझथ ह्या नावाचा अर्थ 'पाचशे' असा सांगतात, म्हणजे पाचशे झरे. दरवर्षी मे महिन्यात, भाताच्या लावणीआधी, एका ठरलेल्या दिवशी आसपासची माणसं टोपल्या आणि जाळी घेऊन पाण्यात उतरतात. म्हातारे, तरुण, पोरं, सगळे. मासे धरतात, आणि त्याच झपाट्यात पाणवनस्पती आणि गाळ उपसला जातो. सण म्हणून सण आणि श्रमदान म्हणून श्रमदान. पाणी मोकळं होतं आणि खालच्या खाचरांकडे जातं. आपल्याकडे देवराई जशी गावाच्या धाकाने टिकली, तसा हा झरा गावाच्या उत्साहाने टिकला आहे.

तिसरं ठिकाण अचबल, अनंतनाग शहरापासून साधारण दहा किलोमीटर. ही बाग नूरजहानच्या नावाशी जोडली जाते. मागे देवदार-चीडांचा डोंगर, त्याच्या पायथ्यातून फुटणारा झरा, मग धबधबा, हौद, पाट आणि मध्ये बारादरी. औरंगजेबाबरोबर १६६५ साली काश्मीरला आलेला फ्रेंच प्रवासी बर्निए ह्याने इथल्या पाण्याचा जोर पाहून नवल केलं होतं. आज सुट्टीच्या दिवशी इथे गावोगावची कुटुंबं चटया आणि समोवार घेऊन येतात, चिनाराखाली बसून मिठाचा चहा पितात. बादशहाची बाग आता लोकांची झाली आहे. बागेतून निघालेलं पाणी ट्राउट माशांच्या पैदास केंद्रालाही मिळतं, आणि ह्या झऱ्यावर कितीतरी गावांचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे.

म्हणूनच फेब्रुवारी २०२५ ची बातमी गंभीर होती. हिवाळ्यात बर्फ-पाऊस फारच कमी झाला आणि अचबलचा झरा आटला. पाट कोरडे, हौद कोरडे, आणि गावांचे नळही कोरडे. पाऊस-बर्फ झालं की असे झरे पुन्हा वाहू लागतात, पण इशारा मिळाला. वेरीनाग आणि अचबल ह्या दोन्ही बागा २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. भिंती दुरुस्त करता येतात, फुलझाडं पुन्हा लावता येतात. झरा मात्र वरचं जंगल, बर्फ आणि ओढ्यांचं पात्र शाबूत राहिलं तरच राहील. पांझथच्या लोकांना हे कोणी शिकवावं लागलं नाही.

जायचं कधी? हिरवाईसाठी एप्रिल-मे, चिनाराच्या लाल-सोनेरी पानांसाठी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य. अनंतनागला मुक्काम ठेवा आणि तिन्ही ठिकाणांना मिळून दोन दिवस द्या. मेमध्ये गेलात तर पांझथचा दिवस कोणता, ते स्थानिक ड्रायव्हरला आधी विचारा. पाण्यात साबण नको, प्लॅस्टिक नको. आणि प्रत्येक ठिकाणी एखाद्या वयस्कर माणसाला विचारा, "चाचा, तुमच्या लहानपणी पाणी कुठपर्यंत यायचं?" ते हाताने खूण दाखवतील. ती खूण नीट पाहून ठेवा.

जय हिंद.