सक्तीचा व्यायाम आणि लबाडीचा मोह

व्यायाम आरोग्यास हितकारक आहे, हे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना नव्याने सांगावे लागत नाही. तरीही तोच व्यायाम सक्तीचा झाला की पळवाटा का शोधल्या जातात? तरुण रुग्णांना चालण्याचा सल्ला देताना हा प्रश्न मला वारंवार पडतो.

अमेरिकेतील ओरल रॉबर्ट्‌स विद्यापीठात पूर्वी विद्यार्थी आपल्या व्यायामाची नोंद स्वतःच वहीत करीत. २०१६ मध्ये तेथे नवागतांना मनगटावर 'फिटबिट' बांधणे आवश्यक झाले व रोज १०,००० पावलांचे लक्ष्य ठरले. मात्र यंत्र पावले मोजते, ती कोणाची हे त्याला कळत नाही. चीनमधील अनेक विद्यापीठांत ठरावीक अंतर धावल्याची नोंद मोबाइल ॲपवर करावी लागते. तेथे पैसे घेऊन इतरांचे फोन खिशात बाळगून धावणारे बदली धावपटू निर्माण झाले. आपल्याकडील 'प्रॉक्सी' हजेरीचाच हा धावता अवतार!

याला केवळ आळस म्हणणे मला योग्य वाटत नाही. डेसी व रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते, कृती स्वतः निवडलेली असेल, ती आपल्याला जमते असा विश्वास असेल आणि सोबत्यांशी आपुलकी असेल, तर प्रेरणा टिकते. केवळ गुणांसाठी केलेल्या व्यायामात गुण हेच साध्य ठरते. मग ते कमी श्रमात मिळवण्याचा मोह होतो. त्यातून १०,००० हा आकडा रूढ झाला तो १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावामुळे. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हते.

तपासणीपूर्वी दोन दिवस गोड सोडणारा मधुमेही रुग्ण आम्हा डॉक्टरांच्या परिचयाचा असतो. उपाशीपोटीची साखर त्याला साथ देते. 'एचबीए१सी' मात्र मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडते. व्यायामाचे मूल्यमापनही असेच असावे. वर्षारंभी व वर्षाखेरीस विद्यार्थ्याची विश्रांतीतील नाडी आणि ठरावीक वेळात चाललेले अंतर मोजावे, व तुलना त्याच्याच पूर्वस्थितीशी करावी. खो-खो, पोहणे, योगासने वा चालणे, यांतील निवड त्याच्यावर सोपवावी.

सक्ती सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. शाळेत कधी मैदानावर न उतरलेल्या मुलामुलींना ती पहिले पाऊल टाकायला लावते. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सुचवलेली आठवड्याची १५० ते ३०० मिनिटे पदवीनंतरही पाळायची आहेत. तेव्हा हजेरीपट नसेल. आणि बदली धावपटूच्या धावण्याने आपला रक्तदाब उतरत नाही.