कोंबडीला मिरची झोंबत नाही

बघ बाळा, खुराड्याभोवती मिरची लावून कोंबड्यांना धाकात ठेवायचा तुझा बेत झकास आहे, पण तो चालायचा नाही. मिरच्याच फस्त होतील! लवंगी मिरची नुसती दाताखाली आली तर तुझ्या नाकाडोळ्यांतून पाणी येतं. कोंबडी तीच मिरची मटकावते, चोच मातीला पुसते आणि पुढच्या रोपाकडे वळते.

खरं तर मिरची भाजत नाहीच. आपल्या जिभेतल्या मज्जातंतूंवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं. चहा फार गरम असला की ते मेंदूला ओरडून सांगतं. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच चिकटतं आणि मेंदूला वाटतं, तोंड पोळलं! हे प्रथिन हुडकणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. कोंबडीच्या अंगातही हे प्रथिन आहे, तिला चटका कळतो. पण त्याची घडण जराशी निराळी, त्यामुळे कॅप्सेसिनचं तिथे काही चालत नाही.

यात मिरचीचाही फायदा. उंदीर दाढेने बी भरडतो, रानपाखरं ते अख्खं दूर नेऊन टाकतात. मिरची मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याने तिला त्याआधी पाहिलंही नव्हतं, तरी तो तयारच होता!

मग लावायचं काय? बदलापूरला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि कोंबडीला घाम येत नाही; चोच उघडून, पंख सैल सोडून धापा टाकते बिचारी. म्हणून सावलीसाठी पश्चिमेला शेवगा, तो भराभर वाढतो. बुंध्याशी मोठे दगड रच, नाहीतर कोंबड्या उकरून मुळं उघडी पाडतील. पाऊस सुरू झाला की जाळीबाहेर गवती चहाचे ठोंब लाव, माती वाहून जाणार नाही. कण्हेर मात्र जवळपास नको, ती विषारी.

ताजी विष्ठा रोपांना घालू नकोस, मुळं करपतात. पालापाचोळ्यात कुजू दे आधी.

आणि मिरची लावच, पण जाळीपासून हातभर लांब. हिरव्या आपल्या ठेच्याला, पिकून लाल झालेल्या कोंबड्यांना. बलकाचा रंग कोंबडी स्वतः बनवत नाही, खाण्यातून घेते. लाल मिरची खाल्ली की बलक केशरी होतो. तिखट मात्र होत नाही, तुझ्या आजीला विचार!